आठ आकड्यावरची आखणी

आमच्या पेणच्या घरात कुठल्याही वस्तूची पहिली परीक्षा एकच असायची, ती बारीक आहे की नाही. शाडूची माती तलम कापडातून गाळायची, आणि कापड जितकं तलम तितके अण्णा खूश. पॉलिशपेपर बारीक हवा, कुंचला बारीक हवा, अंगणात वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांचा पोतसुद्धा बारीक हवा. बिरड्याच्या वाटणात खोबऱ्याचा एखादा भरड कण दाताखाली आला की अण्णा काही बोलायचे नाहीत, नुसतं आईकडे बघायचे, आणि आई शांतपणे म्हणायची, "आज पाटा रुसलाय." जाड आणि भरड हे शब्द आमच्याकडे जवळजवळ शिव्यांसारखे वापरले जात. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या हातात कॅमेरा आला तर ती कोणती चूक करील, हे खरं म्हणजे कोणीही सांगू शकलं असतं. मला मात्र ते कळायला अख्खा हिवाळा लागला, आणि त्या हिवाळ्यात माझ्या वडिलांचा कुंचला कायमचा खाली ठेवला जातो की काय अशी वेळ आली.

घर आणि गणपतींचा कारखाना यांत आमच्याकडे भिंत नव्हती. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साचे, माती, काथ्या. मधल्या खोलीत फळ्यांवर वाळत बसलेल्या पांढऱ्या मूर्ती. ओटीवर रंगवून झालेल्या. जागा कमी पडली की मूर्ती आमच्या अंथरुणांपर्यंत येत. माझ्या उशाशी कित्येक महिने बिनडोळ्यांचे चार गणपती असायचे आणि मी त्यांच्याशी अभ्यासाबद्दल बोलायची. चहात धूळ, केसांत धूळ, वहीच्या पानांत धूळ. दिवसभर रंगाच्या कॉम्प्रेसरची घरघर चालू असे, आणि ती थांबली की कान दुखल्यासारखे वाटत. पाहुणे आले की आई त्यांना पहिलं वाक्य "या, बसा" असं न म्हणता "पाय बघून ठेवा" असं म्हणत असे. आजही कोणाच्या घरी गेले की मी आधी खाली बघते आणि मग माणसांकडे. लोकांना वाटतं मी लाजाळू आहे.

सगळा रंग झाला, दागिने झाले, पीतांबराची किनार झाली की सर्वांत शेवटी डोळे. त्याला आमच्याकडे आखणी म्हणतात, आणि ती फक्त अण्णा करत. आखणीच्या दिवसांत ते सकाळी आंघोळ करून, नुसता कोरा चहा घेऊन पाटावर बसत. दुपारपर्यंत घरात सुकट भाजायची नाही, कॉम्प्रेसर लावायचा नाही, रेडिओ बंद. मुकुटाला खडे चिकटवायला येणाऱ्या बायका बाहेर अंगणात जाऊन बसत आणि तिथेही कुजबुजत बोलत. प्रत्येक मूर्तीच्या आधी अण्णा एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर कुंचला चालवून बघत. दोन रेघा, आधी उजव्या डोळ्याची, मग डाव्याची. मग श्वास आत घेऊन, तो तिथेच धरून, मूर्तीच्या पापणीची रेघ एका दमात. आधी उजवी, मग डावी. त्यांचा श्वास सुटला की रेघ संपलेली असे. तोवर जी माती होती ती एकदम माझ्याकडे बघायला लागे. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, पण एकदाही सवयीचं झालं नाही. दर वेळी अंगावर काटा यायचा, आणि दर वेळी मला वाटायचं की आपल्या घरात काहीतरी फार मोठं चाललंय आणि ते आपल्याला फुकट बघायला मिळतंय.

कॅमेरा आला तो नजीरचाचांमुळे. रोह्याच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तरुणपणी कुवेतला एका फोटो लॅबमध्ये पुष्कळ वर्षं काढून ते परत आले होते आणि कासूपासून खांबपर्यंतच्या गावांतल्या सगळ्या लग्नांत त्यांचाच फ्लॅश उडायचा. अण्णांशी त्यांची जुनी दोस्ती. दर वर्षी हिवाळ्यात ते पेणला येत, मूर्तींचे फोटो काढत, दुपारी आमच्याकडे तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. मग त्यांचे गुडघे बिघडले. त्यांनी अण्णांना निरोप धाडला की फोटोंसाठी आता मी येणार नाय, पोरीला पाठव, शिकवतो. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आठवड्यातून दोनदा पेणहून गाडी पकडायची, कासू, नागोठणे करत रोह्याला उतरायचं आणि स्टुडिओच्या काउंटरमागे स्टुलावर बसायचं, हा माझा क्रम ठरला.

चाचांनी पहिल्या दिवशी कॅमेरा हातात दिलाच नाही. कुवेतहून आणलेली एक जुनी झूम लेन्स तेवढी दिली, कॅमेऱ्यावेगळी, जड, थंडगार. तिच्या कमरेला एक कडं होतं आणि कड्यावर आकडे कोरलेले होते, साडेतीनपासून बावीसपर्यंत. "खिडकीकडं धर आणि आत बघ," ते म्हणाले. मी धरली. कडं फिरवलं की टक् असा आवाज यायचा आणि आत पाकळ्या सरकायच्या. काळ्या, पातळ, एकावर एक चढलेल्या पाकळ्या. साडेतीनवर भोक बोराएवढं होतं. टक्, टक् करत आकडा वाढत गेला तसं ते आवळत गेलं आणि बावीसवर वालाच्या दाण्याच्या डोळ्याएवढं उरलं. आकडा मोठा तेवढं भोक लहान, हे मला उलटंच वाटलं, पण मी काही विचारलं नाही, कारण मी त्या पाकळ्यांतून बाहेर यायलाच तयार नव्हते. माणसाच्या हाताने इतकं बारीक काही करता येतं याचं मला खरोखर नवल वाटलं. चाचांचा चहा येऊन थंड झाला तरी मी कडं फिरवतच होते. शेवटी त्यांनी लेन्स काढून घेतली आणि म्हणाले की पोरी, झिजेल ते.

त्याच हिवाळ्यात चाचांच्या दुबईतल्या पुतण्याने एक गिऱ्हाईक आणलं. तिथल्या मराठी कुटुंबांचं मंडळ, घरोघरी बसवायच्या साठ मूर्ती, शाडूच्याच हव्यात. जहाजाने जायच्या म्हणजे माल वेळेआधी कितीतरी महिने तयार हवा. आधी फोटो पाठवा, ते पसंत पडले तर पुढचं, असं ठरलं. तोवर आमच्या मूर्ती मुंबईच्या पलीकडे गेल्या नव्हत्या, त्यामुळे घरात सणासारखं झालं. अण्णांनी नमुन्याच्या आठ मूर्ती स्वतः निवडल्या. चाचांनी पुतण्याने पाठवलेला नवा डिजिटल कॅमेरा आणि त्यावर बसवलेली ती जुनी लेन्स माझ्या पिशवीत घातली, वरून टॉवेल गुंडाळला आणि गाडीत खिडकीजवळ बसू नकोस असं बजावलं.

मी सगळं मन लावून केलं. ओटीवर पांढरी चादर ताणली, कॅमेऱ्याचा तीनपायी स्टँड लावला, सोंडेच्या टोकापासून मुकुटाच्या मागच्या प्रभावळीपर्यंत सगळं स्पष्ट यायला हवं म्हणून लेन्सचं कडं फिरवून फिरवून बावीसवर आणलं. सर्वांत बारीक भोक. आमच्या घरात बारीक म्हणजे उत्तम, मग इथे वेगळं कशाला असेल? कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा पडद्यावर फोटो फारच सुंदर दिसले. चाचांना त्या आठवड्यात ताप होता, ते स्टुडिओत नव्हते. पेणमधल्या एका सायबर कॅफेतून मी फोटो परस्पर दुबईला पाठवून दिले आणि घरी येऊन आईकडून गूळ-खोबरं वसूल केलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. ते मी इतक्या वेळा वाचलं की अजून पाठ आहे. मूर्ती सुबक आहेत, रंगसंगती आवडली, पण फोटो मोठे करून पाहिले तर डोळे फिसकटल्यासारखे दिसतात, रेघ ठाम वाटत नाही; आखणी दुसऱ्या कोणाकडून करून मिळेल का? शेवटी आभार होते. माणूस सभ्य होता, त्याने जे दिसलं ते लिहिलं. मी ते घरी सांगायलाच नको होतं, पण मी वीस वर्षांची होते आणि मला राग आला होता, म्हणून कॅफेतून छापून आणलेलं ते उत्तर दारातच वाचून दाखवलं.

अण्णा रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. "असंल," एवढंच म्हणाले. मग हात धुतले, ओटीवर गेले, एक मूर्ती उचलून दाराच्या उजेडात धरली आणि डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ नेली. हे त्यांना मी आधी कधी करताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आखणीला बसायची वेळ झाली तरी ते पाटावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कुंचले धुऊन, पुसून, कपाटात वर ठेवलेले मी पाहिले. आखणीच्या त्या वेळी कॉम्प्रेसर सुरू झाला आणि कोणी तो बंद करा म्हणालं नाही. शेजारी शेतात पोपटी लावली होती, मडक्यातल्या वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास अंगणापर्यंत येत होता, अण्णांना बोलवायला दोनदा माणूस येऊन गेला, पण ते गेले नाहीत. जेवताना आई त्यांच्या ताटाकडे बघायची आणि मी आईकडे. चाळीस वर्षं ज्या हातावर आमचं सगळं घर उभं होतं तो हात आता गेला, असं अण्णांनी एका पत्रावरून मनाशी धरलं होतं, आणि ते पत्र माझ्या फोटोमुळे आलं होतं. मला इतकं अपराधी त्यानंतर आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

चाचा बरे होऊन स्टुडिओत आले त्या दिवशी पहिल्या गाडीने मी रोह्याला गेले. त्यांनी फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडले, मोठे केले, आणखी मोठे केले. गणपतीचे डोळे खरंच ओल्या कापडाआडून बघितल्यासारखे दिसत होते. चाचांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि एकच प्रश्न विचारला, कड्यावर आकडा कितीचा होता? मी अभिमानाने सांगितलं, बावीस. ते हसले नाहीत. म्हणाले की घरी जा, सगळ्यांत बारीक रेघा ज्याच्यावर असतील असा एक कागद दारावर ठोक, आणि साडेतीनपासून बावीसपर्यंत प्रत्येक आकड्यावर त्याचा एकेक फोटो काढ. झूम आखूड ठेवून एकदा, मधोमध ठेवून एकदा, पूर्ण ताणून एकदा. बटणाला बोट लावायचं नाही, टायमर लावायचा, स्टँडला वजन टांगायचं. "मी सांगितलं तर तू ऐकशील," ते म्हणाले. "बघितलंस तर विसरणार नायस."

सगळ्यांत बारीक रेघा आमच्या घरात कशावर असणार? अण्णांच्या पुठ्ठ्यावर. दोन महिन्यांच्या आखणीच्या जोड्या त्याच्यावर ओळीने होत्या, मुंग्यांच्या रांगेसारख्या. अण्णा मागे मातीत काहीबाही करत होते तेव्हा मी तो हळूच काढला, मागच्या दारावर चार टाचण्यांनी लावला, स्टँडखाली शाडूची एक पिशवी टांगली आणि कॉम्प्रेसर बंद होईपर्यंत थांबले, कारण तो चालू असला की जमीन बारीक थरथरते हे पायांना लहानपणापासून माहीत होतं. टक्, फोटो. टक्, फोटो. प्रत्येक फोटोचा आकडा वहीत लिहिला. सकाळी आठला सुरू केलेलं काम साडेदहाला संपलं. आई मधे एकदा येऊन बघून गेली. दारावर टाचलेल्या पुठ्ठ्याकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली असं आता वाटतं, पण तेव्हा मी आकडे मोजत होते.

रोह्याला त्या दिवशी पडद्यावर जे दिसलं त्याबद्दल मी आजवर अनेकांना सांगितलंय आणि प्रत्येकाने मान हलवून पुढचा विषय काढलाय. साडेतीनवर पुठ्ठ्याचा मधला भाग बरा होता, पण कडेच्या रेघा विरघळल्या होत्या. पुढच्या आकड्यावर थोड्या आवरल्या, त्याच्या पुढच्यावर आणखी. मग आठ. चाचांनी आठचा फोटो मोठा केला आणि मी उठूनच उभी राहिले. रेघेच्या कडेला कुंचल्याच्या एकेका केसाने सोडलेला माग दिसत होता. पुठ्ठ्याच्या पांढऱ्या रंगाला गेलेला तडा दिसत होता, रेघेच्या रंगात अडकलेला धुळीचा कण दिसत होता. मी रोज ज्याच्याजवळून जात होते त्या पुठ्ठ्यात एवढं सगळं होतं, आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं. अकरा जवळजवळ तसाच, झूम पूर्ण ताणला तर अकरा उलट जास्त बरा. सोळावर पुन्हा सगळं मऊ पडायला लागलं आणि बावीसवर तेच ओलं कापड. म्हणजे अण्णांच्या हाताला नव्हे, माझ्या बारीक भोकाला दोष होता. मी चाचांना विचारलं की असं का. ते म्हणाले, फार बारीक भोकातून प्रकाशाला अंग चोरून जावं लागतं, कडांना घासतो आणि बाहेर पडला की पसरतो; फार मोठं उघडलं तर काचेच्या कडांचे दोष आत येतात; चांगली जागा मधे कुठेतरी असते आणि ती प्रत्येक लेन्सची तिची तिलाच ठाऊक, काढून बघितल्याशिवाय कळत नाही. मग म्हणाले, "तुझ्या बापाला विचार, तो एका केसाचा कुंचला का नाय वापरत."

मी आनंदाने वेडी झाले होते, म्हणून पुढची गोष्ट माझ्या आधी त्यांच्या लक्षात आली. त्यांनी आठचा फोटो पुन्हा उघडला आणि पेन्सिलीने पडद्यावरच्या जोड्या दाखवत गेले. प्रत्येक जोडीतली पहिली रेघ, उजव्या डोळ्याची, तारेसारखी ताणलेली. दुसरी, डाव्याची, थरथरलेली. वरच्या ओळींत थोडी, खाली खाली येत जास्त. एका जोडीत नाही, सगळ्यांत. माझा आनंद जिथल्या तिथे थिजला. दुबईचा माणूस चुकीच्या फोटोवरून खरं बोलला होता की काय? चाचांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले की पुठ्ठ्यावरून माणसाला जोखू नको, आता मूर्तीचेच काढ, याच आकड्यावर, आणि आण माझ्याकडे.

घरी आल्यावर मी अण्णांना पुठ्ठ्याबद्दल काही सांगितलं नाही. धीर झाला नाही. फक्त एका केसाच्या कुंचल्याचं विचारलं. पाच दिवसांत ते धड चार वाक्यं बोलले नव्हते, पण कामाचं विचारलं की त्यांना राहवत नसे. म्हणाले की बारीकात बारीक कुंचला घेतला म्हणजे रेघ बारीक येते असं नाय. एक केस रंग धरत नाय, मधेच सुकतो नायतर फाकतो, आणि रेघ तुटते. पाच-सहा केस लागतात, एकमेकांना धरून राहणारे. ज्या माणसाच्या घरात मी जन्मभर बारीक, बारीक ऐकत आले, त्यालाच बारीकपणाची हद्द ठाऊक होती आणि मी ती कधी विचारली नव्हती. आता मला स्वतःला वाचायला चष्मा लागतो, पण लेन्स हातात आली की अजूनही पहिला फोटो मी दारावर टाचलेल्या कागदाचाच काढते. हल्लीची मुलं हसतात, म्हणतात हे सगळं नेटवर लिहिलेलं असतं. असेल.

मूर्तींचे फोटो दुसऱ्या सकाळी काढले. झूम मधोमध, आकडा आठ, शाडूची पिशवी स्टँडखाली, कॉम्प्रेसर बंद. आठवर सोंडेचं टोक किंचित मऊ येत होतं. मी ते येऊ दिलं आणि नेम डोळ्यांवर धरला. पुठ्ठ्यावर जे दिसलं ते मूर्तीवरही दिसलं, तर मी अण्णांना काय सांगणार होते? स्टुडिओत चाचांनी एकामागून एक आठही चेहरे उघडले. सोळा डोळे. सोळाच्या सोळा नितळ. एकही रेघ हललेली नाही. पुठ्ठ्यावर थरथरलेला हात मूर्तीवर येऊन सावरतो, हे देवाचं काम असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. चाचा म्हणाले की असंल बाबा, आणि त्यातल्या एका चेहऱ्याचा भलामोठा प्रिंट काढून, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून माझ्या हाती दिला. बापाला दे म्हणाले.

घरी पोचले तेव्हा दुपारचं ऊन ओटीवर आलं होतं. आई मोड आलेले वाल सोलत बसली होती आणि अण्णा भिंतीला टेकून नुसतेच बसले होते. मी प्रिंट त्यांच्यासमोर ठेवला आणि धडाधड सगळं सांगत सुटले, बावीस, आठ, भोक, प्रकाश, दोष माझाच होता, तुमचा नव्हे. अण्णांनी हाताने मला थांबवलं. खडे बघायचं भिंग मागून घेतलं आणि मूर्तीच्या उजव्या डोळ्यावर ठेवलं. त्यांचा चेहरा मोकळा होत गेला तो मी बघितला. "हा माझा हाय," ते म्हणाले. मग भिंग डाव्या डोळ्यावर सरकवलं आणि तिथेच राहिले. आईचे वाल सोलणारे हात थांबले. अण्णा म्हणाले, "हा माझा नाय."

मी वाकून बघितलं. आता दाखवल्यावर मलाही दिसलं. उजवी रेघ शेवटाला कापल्यासारखी थांबत होती. डावी शेवटाला किंचित वर वळून, हलकी होत संपत होती, आणि तिच्या खाली पुसून टाकलेल्या दुसऱ्या रेघेची फिकट छाया होती. आठ आकड्याने तीसुद्धा सोडली नव्हती.

"कोणी केला?" अण्णांनी प्रिंटवरून मान वर न करता विचारलं.

"मी," आई म्हणाली.

मग तिने सांगितलं, वालाच्या भांड्याकडे बघत. दसऱ्यापासनं तिच्या लक्षात येत होतं. उजवा डोळा होईपर्यंत यांचा हात दगडासारखा असतो, पण तेवढ्यात यांच्या डोळ्याला पाणी सुटतं आणि डावी रेघ हलते. यांना ती हललेली दिसत नाही. जेवून हे आडवे झाले की ती ओटीवर जायची, ओल्या कापसाने डावी रेघ पुसायची आणि पुन्हा काढायची. वीस वर्षं शेजारी बसून दागिने रंगवताना बघितलेलं होतं, तेवढंच शिक्षण. मला वाटायचं ती धूळ झटकायला जाते. सांगितलं असतं तर यांनी कुंचलाच ठेवला असता, म्हणून सांगितलं नाही. ती हे सगळं कांदे महाग झाले असं सांगावं तशा आवाजात बोलली. आणि मी, जिला लेन्सच्या पाकळ्या बघून तोंडात बोट घालावंसं वाटलं होतं, ती माझ्या आईच्या पाण्याने सुरकुतलेल्या बोटांकडे पहिल्यांदा बघत होते. आमच्या ओटीवरची प्रत्येक मूर्ती एका डोळ्याने त्यांची आणि एका डोळ्याने तिची होती, आणि मी रोज त्यांच्या समोरून ये-जा करत आले होते. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

अण्णांनी भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"आणि उजव्याला?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता. "उजव्याला कितीदा हात लावलास? खरं सांग."

आई प्रथमच त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली, "उजव्याला कशाला लावू? त्याला लावायची वेळच नाय आली."

अण्णांनी डोळे पुसले. पाणी सुटतं म्हणून असेल किंवा नसेल. मग प्रिंट गुडघ्यावर उभा धरला, हात लांब करून दोन्ही डोळ्यांकडे एकदम बघितलं, आणि माझ्याकडे वळले.

"सुवर्णे, दुबईला लिही. हे फोटो पाठव आणि लिही. म्हणावं, तुम्ही सांगितलंत तशी आखणी दुसऱ्याकडून करून घेतलीय." ते आईकडे बघून थांबले. "अर्धी."

मी तसंच लिहिलं.